जाळीतलं जंगल

वाढदिवसाच्या केकवर मधोमध बसलेली लालभडक चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असतं. कच्चं हिरवं करवंद घ्यायचं, बिया काढायच्या, चीक आणि आंबटपणा उतरेपर्यंत पाण्यात मुरवायचं, खाण्याचा लाल रंग चढवायचा आणि पाकात टाकायचं. की बेकरीत, आइस्क्रीमच्या गाडीवर आणि पानवाल्याच्या डबीत लागणारी ‘चेरी’ तयार. काश्मीर-हिमाचलातली खरी चेरी नाजूक आणि महाग. करवंद टणक, स्वस्त आणि पाकात टाकलं तरी आकार न सोडणारं. तेव्हा मिठाईवाल्यांनी व्यवहार पाहिला आणि करवंदाला दुसऱ्याच्या नावाने कामाला लावलं.

काम करवंदाचं आणि नाव भलत्याचं, हे या झुडपाच्या नशिबी नेहमीचंच आहे. केकवर ते चेरी होतं, सरकारी नकाशात ‘झुडपी’ किंवा ‘पडीक’ होतं आणि वृक्षारोपणाच्या आदल्या रविवारी श्रमदानाला आलेल्या उत्साही मंडळींच्या लेखी ते नुसतं ‘साफ करायचं रान’ होतं. खड्डे खणायला जागा हवी म्हणून करवंदीच्या जाळ्या कोयत्याने सपासप तोडल्या जातात आणि त्या जागी कमरेएवढी रोपं काठीला बांधून उभी केली जातात. पुढच्या उन्हाळ्यात त्यातली बरीचशी वाळतात. मग कोणी पाण्याला दोष देतं, कोणी गुरांना. तोडलेल्या जाळीचं नाव कोणी काढत नाही. वास्तविक पाणी धरायला आणि गुरं अडवायला तिथे तीच होती.

करवंदाची खरी ओळख मे महिन्यातली. कसारा, कर्जत, खंडाळा या बाजूंना डोंगरातून उतरलेल्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी बायका पाट्या घेऊन स्टेशनाबाहेर, घाटाच्या वळणावर बसतात. पळसाच्या नाहीतर सागाच्या पानाचा द्रोण, त्यात काळीभोर फळं, आणि ‘डोंगरची काळी मैना’ ही हाळी. किलोचा हिशेब तिथे कमीच, माल वाट्यावर जातो. मुलांचा खेळ ठरलेला: फळ दाताने अर्धं तोडायचं आणि आत बघायचं. गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरट निघाला तर कोंबडी. ओठ चिकट होतात, जीभ जांभळी होते, आणि दहा-बारा खाल्ल्यावर दात आंबतात तरी हात थांबत नाही.

खाणाऱ्याला ते पाच मिनिटांत संपतं. काढणाऱ्याची गोष्ट निराळी. ऊन चढायच्या आत रानात पोचावं लागतं. एका हातात आकडी घेऊन फांदी बाजूला ओढायची आणि दुसऱ्या हाताने एकेक फळ खुडायचं. काटे जोडीजोडीने, ताठ आणि चांगले लांब. कोपरापर्यंत ओरखडे उठल्याशिवाय पाटी भरत नाही. त्यात हिरव्या फांदीवर हिरवाच चापडा वेटोळं घालून बसलेला असू शकतो. हा विषारी साप दिवसा सुस्त असतो आणि माणूस जवळ आला तरी हलत नाही. म्हणून रानातली माणसं जाळीत हात घालण्याआधी आकडीने फांदी हलवून घेतात. शहरातून आलेला पाहुणा थेट हात घालतो.

वनस्पतिशास्त्रात हे झुडूप कॅरिसा कॅरांडस. लिनियसने १७६७मध्ये त्याला हे नाव दिलं. सह्याद्रीतल्या रानटी, बारीक फळाच्या करवंदीला काही जण वेगळी जात मानून कॅरिसा कन्जेस्टा म्हणतात. रानातली आणि बागेतली एक की दोन, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. संस्कृतात ते करमर्द, त्यावरूनच मराठी करवंद. कूळ कण्हेरीचं. तगर, सदाफुली, कुडा, सातवीण ही सगळी त्याची भावकी. पान तोडलं की पांढरा चीक येणं ही घराण्याची खूण. या घराण्यातल्या पुष्कळांचा चीक विषारी. करवंद त्यातलं पिकल्यावर खुशाल खावं असं. जानेवारी ते मार्चच्या सुमारास पांढरी, पाच पाकळ्यांची, नळीदार फुलं झुबक्याने येतात. वास साधारण जाईच्या वळणाचा, आणि संध्याकाळी जास्त. नळी लांब असल्यामुळे आतल्या मधापर्यंत पोचायला लांब सोंड हवी, ती पतंगांकडे आणि फुलपाखरांकडे असते.

पण करवंदीचं सर्वांत मोठं काम फुलात किंवा फळात नाही, ते तिच्या सदाहरितपणात आणि काट्यात आहे.

मार्च-एप्रिलात घाटमाथ्याच्या उघड्या उतारावर उभं राहून पाहावं. गवत वाळून सोनेरी, मग करडं. साग निष्पर्ण, पांगारा निष्पर्ण, सावर निष्पर्ण. जांभा दगडाचा सडा असेल तर पाय भाजतो. अशा वेळी हिरवे दिसतात ते ठिपके बहुधा दोन झाडांचे: अंजनीचे आणि करवंदीचे. करवंदीचं पान छोटं, जाड, वरून तेल लावल्यासारखं चकचकीत. पाणी उडू न देण्याची ती सोय. पानं एकदम झडत नाहीत, जुनी गळतात तशी नवी येत राहतात. त्यामुळे जाळीच्या बुंध्याशी वर्षभर सावली आणि वर्षभर पालापाचोळा. बाहेरचा मुरूम तापून फुटत असतो तेव्हा जाळीखाली हात घातला तर माती गार लागते. खालचा थर उकरला तर काळा, भुसभुशीत, गांडुळांची विष्ठा मिसळलेला. बाहेर एका हातावर तांबडा मुरूम आणि आत काळी माती; मधे फक्त काट्यांची भिंत.

आता जाळी थोडी उचलून आत डोकावलं तर काय दिसतं? सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या कुठल्याही जुन्या, न तोडलेल्या जाळीत हा प्रयोग करता येतो. बुंध्याशी दोन-चार करवंदीचीच पिल्लं. त्यांच्यात बोटभर जाडीचं जांभळाचं रोप, सरळ वर उजेडाकडे निघालेलं. अंजनीचं एखादं. कुठे पिसा, कुठे उंबर. काट्यांच्या आधाराने वर चढलेली शतावरी, गुळवेल, कुसर. पावसाळ्यात याच जाळीतून कळलावीची लाल-पिवळी फुलं डोकं काढतात, आणि लोकांना वाटतं, करवंदीलाच ही फुलं आली.

ही रोपं कोणी लावली? बुलबुलाने.

लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल हे दोघे करवंदीचे नित्याचे गिऱ्हाईक. बुलबुल जांभूळ खातो, उंबर खातो, अंजनीचं फळ खातो आणि उडत उडत पुढच्या बसण्याच्या जागी जातो. उघड्या माळावर बसायला जागा कुठली? एखादी करवंदीची जाळी. तो तिथे टेकतो, शिटतो आणि बी नेमकी सावलीत, पाल्यात, काट्यांच्या आत पडते. हीच बी चार हात बाजूला उघड्यावर पडली असती तर उन्हात भाजली असती, नाहीतर रुजून पहिल्या दोन पानांवर आली असताना शेळीच्या तोंडात गेली असती. शेळी करवंदीचा कोवळा शेंडा खाते, नाही असं नाही. पण जून जाळीच्या पोटात तिला तोंड घालता येत नाही. म्हणून आतलं जांभूळ वाचतं, पाच-सात वर्षांत जाळीच्या डोक्यावरून वर येतं, आणि मग त्याला कोणाची पर्वा राहत नाही. पुढे झाडाची सावली गडद झाली की खालची करवंदी विरळ होते, फुलं-फळं कमी धरते. आपण वाढवलेल्या झाडाच्या सावलीत आपणच मागे हटायचं, असा हा मामला. घनदाट देवराईच्या मध्यभागी करवंद कमी आणि कडेला जास्त, त्याचं कारण हेच.

मराठीत करवंदीच्या झुडपाला झुडूप क्वचितच म्हणतात, ‘जाळी’ म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. एकेक फांदी कमानीसारखी वाकून जमिनीकडे येते, दुसरीत गुंतते आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत ससा असतो, मुंगूस असतं, रानकोंबडी अंडी घालते. सातभाई आणि बुलबुल काट्यांच्या आत घरटी बांधतात. शिकारी पक्ष्याला तिथे झडप घालता येत नाही. फळं पिकली की कोल्हा रात्री येऊन खालची पडलेली वेचतो. उदमांजर आणि कांडेचोर वरचीही काढतात. रानडुकरं जमिनीवर सांडलेलं सोडत नाहीत. विदर्भात अस्वल. यांच्या विष्ठेतून बिया मैल-दोन मैल पुढे जातात. पावसाच्या तोंडी रानातल्या पायवाटेवर काळसर विष्ठा पडलेली दिसते आणि तिच्यात करवंदाच्या चपट्या तपकिरी बिया स्पष्ट मोजता येतात. किळस बाजूला ठेवली तर ती रानाची पेरणीच आहे.

एका झाडाने दुसऱ्याला सांभाळून वाढवणं ही केवळ गोड कल्पना नाही. स्पेनच्या दक्षिणेकडच्या सिएरा नेवाडा डोंगरांत संशोधकांनी हे मोजून पाहिलं. उजाड उतारावर काही रोपं मोकळ्या जागेत आणि काही जागेवरच्या झुडपांखाली लावायची, आणि किती जगतात ते पाहायचं. असे कितीतरी प्रयोग एकत्र करून २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८,००० हून अधिक रोपांचा हिशेब होता. झुडपाखालची रोपं एकंदरीत जास्त जगली. पाऊस कमी झालेल्या वर्षी आणि उन्हाच्या बाजूच्या उतारावर हा फायदा आणखी मोठा दिसला. सगळी झुडपं सारखी मायाळू निघाली नाहीत, काहींनी उलट त्रासच दिला. पण स्पेनमध्ये तोवर रीत आपल्यासारखीच होती: लागवडीआधी झुडपं काढून जागा मोकळी करायची.

करवंदीच्या काट्यांवर साम्राज्याचीही नजर पडली होती. मिठावरचा कर चुकवून होणारी चोरटी वाहतूक अडवण्यासाठी ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात सिंधूपासून थेट ओडिशापर्यंत जकातीची रेषा आखली. आधी ती तोडलेल्या काट्यांची होती. वाळलेलं कुंपण वाळवी खाते, वणव्यात जळतं, वाऱ्याने उडतं. १८६७मध्ये या जकात खात्याचे आयुक्त झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिशेब केला आणि जिवंत कुंपण लावायचं ठरवलं. बोर, बाभूळ, निवडुंग आणि करवंद ही त्यातली मुख्य झाडं. जिथे ते नीट जमलं तिथे १० ते १४ फूट उंच आणि ६ ते १२ फूट रुंद अशी काटेरी भिंत उभी राहिली. तिच्या राखणीला हजारो माणसं होती. १८७९मध्ये ही रेषा बंद झाली आणि कुंपण विस्मरणात गेलं. गंमत अशी की हेच ह्यूम पुढे १८८५मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते, आणि पक्षिशास्त्रातही त्यांचं नाव मोठं आहे. मीठ अडवायला लावलेल्या त्या कुंपणात बुलबुलांची किती पिढ्यांची घरटी झाली असतील, याची नोंद मात्र सीमाशुल्काच्या वहीत नसणार.

आपल्याकडे कोकणात अशा जिवंत कुंपणाला वई म्हणतात. काजूच्या बागेला, परसाला, गडग्याच्या वरच्या कडेला करवंदीची वई. देशावर बोराटीचं कुंपण जास्त, पण मावळात आणि नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात करवंदही लावलेलं दिसतं. गेल्या पंचवीसेक वर्षांत सिमेंटचे खांब आणि काटेरी तार आली. तार लवकर होते, जागा कमी खाते आणि मोजणीत सरळ येते, हे खरं. पण तारेला फळ येत नाही, तिच्यात बुलबुल घरटं करत नाही आणि गंजली की पुन्हा पैसे मोजावे लागतात.

कागदावर करवंदीची जागा कुठे आहे, हे पाहिलं तर तिच्या वाट्याला आलेली उपेक्षा नीट कळते. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलाची मोजणी करतं. वनजमिनीवर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्क्यांहून कमी असेल तर ती जागा ‘झुडपी’ गटात जाते आणि वनाच्छादनाच्या बेरजेत धरली जात नाही. पडीक जमिनींच्या राष्ट्रीय नकाशातही दाट झुडपी आणि विरळ झुडपी असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. म्हणजे जाळ्यांनी भरलेला, पुढच्या वीस वर्षांत आपोआप रान होऊ शकणारा डोंगर आज हिशेबात ‘पडीक’. जमीन पडीक ठरली की तिच्यावर काहीही करायची मुभा मिळते: खाण, सौर पट्ट्या, बंगल्यांचे भूखंड, किंवा वृक्षारोपण.

पूर्व विदर्भात तर ‘झुडपी जंगल’ हा महसुली नोंदीतला अधिकृत शब्दच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या ८६,००० हेक्टरांहून अधिक जमिनीचा हा प्रश्न कित्येक दशकं लोंबकळत होता. ते जंगल की नुसतंच झुडूप? २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आपल्याच १९९६च्या आदेशानुसार या जमिनी वनच मानायच्या. त्याआधी घरांना, शाळांना, कचेऱ्यांना दिलेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली. विदर्भातल्या त्या झुडपांत करवंदाखेरीज कितीतरी जाती आहेत आणि निकालाच्या व्यवहारातल्या अडचणीही पुष्कळ. तरी ‘झुडपी’ या विशेषणानंतर ‘जंगल’ हे नाम येतं, याची देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने दखल घेतली, ही साधी गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रात २०१६पासून चार वर्षं मोठ्या वृक्षलागवडीचे संकल्प झाले: २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९मध्ये ३३ कोटी. आकड्यांवरून झालेले वाद इथे उगाळायचे नाहीत. पण अशा मोहिमेत मोजला जातो तो खड्डा. आधीपासून उभी असलेली जाळी आणि तिच्या पोटातली पाच रोपं कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. शिवाय लवकर वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांपासून कोकणापर्यंत गिरिपुष्प लावलं गेलं. ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं. फांदी रोवली की फुटतं, शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी त्याचा उपयोग आहे, पण टेकडीभर पसरलं की ते उन्हाळ्याच्या तोंडी पानं टाकून मोकळं होतं आणि आपल्या पक्ष्यांना खायला काही देत नाही.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, नाहीतर करवंदाची भक्ती व्हायची. काटेरी, हिरवी, दाट अशी प्रत्येक जाळी पोसणारी नसते. घाणेरी, म्हणजे टणटणी, हीसुद्धा दाट वाढते, तिलाही पक्षी आणि फुलपाखरं येतात. पण ती बाहेरून आलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी इतरांना रुजू न देता रान गिळते. ती काढणं योग्यच. दुसरं, महाराष्ट्रातले पूर्वेकडचे गवताळ माळ हे मुळात जंगल नाहीत. तिथे धाविक, लांडगा, काळवीट यांचा संसार उघड्या गवतावरच चालतो. तिथे करवंद लावणं हे साग लावण्याइतकंच चूक. कातळसड्यांवरही पावसाळी फुलांचे गालिचे असतात त्या सपाट भागात काही लावू नये. करवंद तिथे स्वतःहून खडकाच्या फटीत उभं राहतं तेवढं पुरे.

मग ते लावायचं कुठे आणि कसं? शेताचा बांध, बागेची हद्द, उजाड झालेला उतार, ओढ्याच्या वरची धूप होणारी कड. लावणं अवघड नाही, फक्त एक गोष्ट वेळेवर व्हावी लागते. करवंदाची बी साठवून ठेवता येत नाही. ती वाळली की तिचा जीव जातो. मे-जूनमध्ये फळ पूर्ण काळं झालं की गर कुस्करायचा, राखेच्या पाण्यात चिकटपणा धुऊन काढायचा, बी सावलीत एखादा दिवस निथळू द्यायची आणि त्याच आठवड्यात पेरायची. बोटाच्या पेराएवढं खोलही नको, मातीने जेमतेम झाकली की झालं. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत घातलेली पिशवी चालते. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात. पहिल्या वर्षी रोप वाढतच नाही असं वाटून माणूस कंटाळतो. वीतभर होईतो पुढचा पाऊस येतो. तीच लावायची वेळ.

फांदी रोवून करवंद सहसा लागत नाही. चांगल्या फळाचं झाड तसंच्या तसं हवं असेल तर पावसाळ्यात गुटी बांधतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही टपोऱ्या फळाची जात निवडून काढली आहे. पंतनगरच्या विद्यापीठाच्या ‘पंत मनोहर’, ‘पंत सुदर्शन’ आणि ‘पंत सुवर्णा’ याही नावाजलेल्या. लोणचं, सरबत, मुरंबा करून विकायचा असेल तर या जाती घ्याव्यात. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली आपसूक धरते. पण डोंगर हिरवा करायचा असेल तर आपल्याच भागातल्या रानातली बी बरी. बुलबुलाच्या चोचीत मावेल असं बारीक फळ तिलाच येतं.

कुंपणासाठी दोन ओळी, दोन रोपांत दोन-तीन फुटांचं अंतर आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर. गुडघ्याएवढं झालं की शेंडा कापायचा, ही सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त चुकवली जाणारी पायरी. शेंडा न कापता वाढू दिलं तर वर छत्री आणि खाली भगदाड. कोंबडीसुद्धा आरपार जाते. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपायला भोवती बाभळीची नाहीतर बोरीची फांदी टाकावी आणि उन्हाळ्यात जमलं तर पंधरवड्याने पाणी घालावं. पुढे काही लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसतं. करवंदाला एकच गोष्ट खपत नाही, पाणी तुंबणं. खडकाळ, मुरमाड, हलकी, काहीशी खारट, कुठलीही जमीन त्याला चालते, पण पायाशी चिखल नको. वणव्यातून गेलेली जाळी पहिल्या पावसानंतर बुंध्यातून पुन्हा फुटते. दर वर्षी वणवा लागला तर मात्र तिचाही नाइलाज होतो, आणि आतली रोपं तर पहिल्याच वणव्यात जातात.

उजाड उतारावर रान आणायचं असेल तर रीत उलटी करावी. आधी झाड नाही, आधी जाळी. जिथे करवंदी आहे तिथे तिला हात लावायचा नाही. तिच्या उत्तरेच्या आणि पूर्वेच्या बाजूने, जिथे दुपारची सावली पडते, फांद्यांच्या आत हात घालून जांभूळ, हिरडा, बेहडा, आंबा यांच्या बिया टोचायच्या. खणायचं यंत्र लागत नाही, पहार पुरते. यात फोटोला काही मिळत नाही, हे मान्य. रांगेत उभी रोपं, पिंजरे, त्यावर नावांच्या पाट्या, यांतलं काही दिसत नाही. दिसते ती तीच जुनी जाळी. पाच वर्षांनी तिच्या डोक्यातून एक जांभूळ वर आलेलं असतं आणि तोपर्यंत उद्घाटनाला आलेले पाहुणे बदललेले असतात.

जाळी राखली जाण्यात ज्यांचं पोट आहे, त्यांचंही ऐकायला हवं. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. करवंदाचा हंगाम जेमतेम दीड महिन्याचा, पण नेमका तो शेतीची कामं सुरू होण्याआधीचा, हातात रोख पैसा नसण्याचा. बी-बियाण्याचा, मुलांच्या वह्यांचा थोडा खर्च त्या पाट्यांतून निघतो. ज्या डोंगरावर जाळ्या गेल्या तिथे त्या बायकांना आणखी दोन डोंगर पलीकडे चालावं लागतं. मृगाचा पाऊस पडला की फळ पाणचट होतं, अळी पडते आणि जाणती माणसं हात आवरतात. उरलेलं वटपौर्णिमेच्या वाणात जातं: आंबा, जांभूळ, फणसाचा गरा आणि करवंद. वडाच्या पूजेला करवंद का, हे पोथीत शोधायची गरज नाही. ज्येष्ठात डोंगरात जे पिकतं ते वाणात. त्यानंतरचं सगळं पाखरांचं.

पावसाळा नुकताच उलटलेला असतो तेव्हा करवंदीवर ना फूल असतं ना फळ. गवत छातीएवढं, आणि त्यात ती फक्त एक गडद हिरवा ढीग म्हणून उभी असते. याच दिवसांत पुढच्या वर्षीच्या लागवडीची ‘जागा तयार करण्याची’ कामं ठरतात आणि श्रमदानाच्या तारखा लागतात. तुमच्या गावच्या, सोसायटीच्या किंवा शाळेच्या टेकडीवर असं काही ठरत असेल, तर कोयता चालवण्याआधी एक काम करा. हातात जाड काठी घ्या, चापडा नाही ना ते हलवून बघा, जाळीची एक फांदी उचला आणि आतली रोपं मोजा.

मोजून झाली की फांदी पुन्हा खाली सोडा.